बाथटब, स्टॉपवॉच आणि कॅमेरा

अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीवर ‘आय हॅव गॉट अ सीक्रेट’ नावाचा एक खेळ लागायचा. पाहुण्याने आपलं गुपित सूत्रसंचालकाच्या कानात सांगायचं, ते पडद्यावर प्रेक्षकांना दिसायचं आणि समोर बसलेल्या नामवंतांनी प्रश्न विचारून ते ओळखायचं, असा साधा मामला. १९६० साली एका भागात पाहुणे म्हणून आले रचनाकार जॉन केज. वय सत्तेचाळीस, अंगात गडद सूट, चेहऱ्यावर प्रसन्न हसू. गुपित असं होतं, की हे गृहस्थ स्वतःची एक रचना एकट्याने वाजवणार आहेत आणि त्यांची वाद्यं आहेत पाण्याचा जग, लोखंडी नळी, वाइनची बाटली, इलेक्ट्रिक मिक्सर, झारी, बर्फाचे खडे, दोन झांजा, चावीचा मासा, पक्ष्यांचे आवाज काढणाऱ्या शिट्ट्या, रबरी बदक, टेपरेकॉर्डर, गुलाबांची फुलदाणी, सोड्याची बाटली, पाच रेडिओ, एक बाथटब आणि एक ग्रँड पियानो.

वेळ कमी असल्यामुळे सूत्रसंचालक गॅरी मूर यांनी ओळखण्याचा खेळ बाजूला ठेवला आणि सरळ वादनाकडे वळायचं ठरवलं. प्रेक्षकांतले काही जण हसतील, चालेल ना, असं त्यांनी केजना आधीच विचारून घेतलं. रडण्यापेक्षा हसणं बरं, अशा अर्थाचं उत्तर देऊन केज टेबलांकडे गेले. त्यांनी स्टॉपवॉच सुरू केलं आणि पुढची तीन मिनिटं ते टेबलापासून टबाकडे, टबापासून पियानोकडे आणि तिथून पुन्हा टेबलाकडे चालत राहिले. रचनेचं नावच ‘वॉटर वॉक’. गुलाबांची फुलदाणी टबात ठेवली, झारीने त्यांना पाणी घातलं, मिक्सरचा घरघराट झाला. लोक पोट धरून हसत होते. केज यांचं लक्ष घड्याळाच्या काट्यावर होतं.

रेडिओ मात्र पाचही मुके. त्यांची पिन सॉकेटमध्ये कोणत्या कामगार संघटनेच्या माणसाने घालायची, यावरून दोन संघटनांत तंटा झाला होता आणि प्रक्षेपणाची वेळ आली तरी तो मिटला नव्हता. केजनी तोडगा काढला. जिथे रेडिओ सुरू करायचा तिथे त्याच्या डोक्यावर चापट मारायची आणि जिथे बंद करायचा तिथे ढकलून टेबलाखाली पाडायचा. वीज नाही म्हणून रचना अडली नाही. आवाज बदलला, पण ठरलेला सेकंद बदलला नाही. शूटिंगच्या दिवशी असलं काही ना काही होतंच, हे त्या धंद्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. केज सावरले, कारण आपल्या रचनेतलं काय हललं तरी चालेल आणि काय हलता कामा नये, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

ही रचना मुळात टीव्हीसाठीच जन्मली होती. १९५८ च्या अखेरीस इटालियन रचनाकार लुचानो बेरियो यांच्या निमंत्रणावरून केज मिलानला गेले आणि तिथल्या राय या सरकारी नभोवाणीच्या ध्वनी-स्टुडिओत काही महिने काम करत राहिले. त्या काळात इटलीत ‘लाशा ओ रादोप्या’ या प्रश्नमंजूषेने सगळ्या देशाला वेड लावलं होतं. सूत्रसंचालक माइक बोंजोर्नो घराघरांत पोचलेले. केज तिथे स्पर्धक म्हणून गेले आणि त्यांनी विषय निवडला अळंब्यांचा. जंगलात हिंडून अळंब्या गोळा करणं आणि ओळखणं हा त्यांचा संगीताइतकाच गंभीर नाद होता. आठवड्यामागून आठवडे अचूक उत्तरं देत त्यांनी पन्नास लाख लिरांचं बक्षीस पटकावलं. त्या पैशातून स्वतःसाठी पियानो आला आणि नर्तक मर्स कनिंगहॅम यांच्या मंडळीला गावोगाव फिरायला एक फोक्सवॅगन बस. स्पर्धेच्या जोडीला त्या कार्यक्रमात त्यांनी आपल्या रचनाही सादर केल्या. ‘वॉटर वॉक’ त्यातलीच एक, १९५९ ची.

मिलानच्या त्या सादरीकरणाची चित्रफीत उरली नाही. न्यूयॉर्कच्या सीबीएस कार्यक्रमाची उरली. आज जगभर संगीताचे विद्यार्थी ‘वॉटर वॉक’ म्हणून जे डोळ्यांपुढे आणतात, ते पाच मुक्या रेडिओंचं, चापटीचं आणि ढकलाढकलीचं रूप आहे, कारण पाहायला मिळतं ते तेवढंच. शास्त्रीय संगीतातल्या जुन्या कृतींना असा धोका फारसा नाही. बेथोव्हनचा सोनाटा एका चित्रीकरणात बिघडला, तर दुसरी शंभर आहेत. पण जी रचना वर्षानुवर्षांत एखाद्या वेळी वाजते, तिचं चित्रीकरण हेच बऱ्याच श्रोत्यांसाठी तिचं एकमेव रूप ठरतं. म्हणून ते करण्याआधी बसून विचार करावा लागतो, आणि तो विचार कॅमेऱ्यापासून सुरू करून भागत नाही. तो नोटेशनपासूनच सुरू करावा लागतो.

‘वॉटर वॉक’चं नोटेशन हातात घेतलं तर चित्रपटाच्या कला-दिग्दर्शकाला आपल्याच घरी आल्यासारखं वाटेल. आधी सामानाची यादी. मग वरून पाहिल्यासारखा जमिनीचा नकाशा: पियानो कुठे, टब कुठे, टेबलं कुठे. मग एकेका मिनिटाचं एक अशी तीन पानं. प्रत्येकावर सेकंदांची आडवी रेघ आणि तिच्यावर कुठे काय करायचं त्याच्या खुणा, छोटी छोटी चित्रं. शेवटी काही कृतींबद्दलच्या सूचना. घड्याळ सुरू करा आणि नोटेशनमध्ये दिसतं त्याच्या शक्य तितक्या जवळच्या क्षणी कृती करा, एवढंच रचनाकाराचं मागणं. म्हणजे प्रॉपर्टी, सेटचा आराखडा आणि शॉट केव्हा पडणार याचं वेळापत्रक, तिन्ही आयतं मिळालं. अशा रचनेत दिग्दर्शकाने आणखी कल्पना लढवायला जाणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. वादक आणि त्याची टेबलं एकाच चौकटीत दिसत राहिली, की निम्मं काम झालं. त्याने कुठून कुठे किती सेकंदांत जायचं हीच तर त्यातली लय आहे, आणि ती पावलं चौकटीबाहेर गेली तर प्रेक्षकाला उरतो तो नुसता खडखडाट.

एकल वादनाच्या चित्रीकरणाला मात्र एक जुनी सवय जडलेली आहे. वादकाचा मिटलेला डोळा, घामाचा थेंब, मग बोटं, मग पुन्हा चेहरा. रागदारीच्या मैफिलीपासून शोपँपर्यंत ही सवय खपून जाते. समकालीन रचनांत घोडं पेंड खातं ते इथेच.

जर्मन रचनाकार हेल्मुट लाखेनमान यांची ‘गुएरो’ ही १९७० ची पियानोवरची छोटी रचना घ्या. गुएरो म्हणजे लॅटिन अमेरिकेतलं, खाचा पाडलेल्या भोपळ्यावर काडी घासून वाजवायचं वाद्य. या रचनेत पियानोवादक पट्ट्या दाबून सूर काढत नाही. तो त्यांच्यावरून नखं फिरवतो. कधी पांढऱ्या पट्ट्यांच्या वरच्या बाजूने, कधी काळ्या पट्ट्यांवरून, कधी पांढऱ्या पट्ट्यांची जी उभी कड वादकाच्या पोटाकडे असते तिच्यावरून. पुढे झुकून तो तारा पिळायच्या खुंट्यांवरही नख ओढतो. आवाज निघतो तो कोरडा, टकटकणारा, जेमतेम ऐकू येणारा. आता पियानोचं चित्रीकरण करणारा कॅमेरा नेहमी कुठे असतो? वादकाच्या उजव्या हाताला, पट्ट्यांच्या थोडा वर. तिथून ती उभी कड दिसतच नाही. दिसतो तो नुसता हवेत सरकणारा हात, आणि प्रेक्षकाला वाटतं, हा काहीच वाजवत नाही. ती कड दाखवायची तर कॅमेरा वादकाच्या गुडघ्याइतका खाली उतरवावा लागतो. खुंट्यांसाठी दुसरा कॅमेरा थेट वरून टांगावा लागतो.

मग माइकवाल्याची पंचाईत सुरू होते. एरवी पियानोचं झाकण उघडून मीटर-दीड मीटरवर दोन माइक लावले की काम भागतं. ‘गुएरो’ची टकटक टिपायला माइक पट्ट्यांच्या अगदी जवळ आणावा लागतो. इतक्या जवळ आणला, की शेजारच्या कॅमेऱ्यातला पंखा, ट्रायपॉडची किरकिर, वादकाच्या शर्टाची बाही, सगळं टिपलं जातं. उपाय एकच: कॅमेरे लांब न्यायचे आणि लांब पल्ल्याच्या लेन्सने जवळ आणायचं. त्याला मोठी खोली लागते. खोली मोठी तर घुमारा मोठा. अशी ही साखळी आहे, आणि तिचा निकाल चित्रीकरणाच्या दिवशी लावायला बसलं तर दिवस मावळतो. जाणते लोक आदल्या दिवशी रिकाम्या खोलीत पूर्ण रचना एकदा साध्या फोनवर टिपून पाहतात आणि मगच कॅमेऱ्यांच्या जागा खडूने आखतात.

कार्लहाइन्झ श्टोकहाउझेन यांची ‘त्सिक्लुस’ ही १९५९ ची तालवाद्यांची एकल रचना वेगळ्याच कारणाने छळते. वादक उभा राहतो वर्तुळात मांडलेल्या वाद्यांच्या मधोमध. नोटेशनची पानं स्पायरलने बांधलेली. कोणत्याही पानापासून सुरुवात करावी आणि फिरून त्याच ठिकाणी यावं. वही उलटी धरून वाचली तरी चालतं, आणि त्यानुसार वादकाची फिरण्याची दिशा बदलते. ज्या कॅमेऱ्याला आज त्याचा चेहरा दिसतो त्याला उद्या पाठ दिसेल. इथे ‘या मात्रेला हा शॉट’ असं लिहून ठेवण्यात अर्थ नाही. वादकाने सुरुवात कुठून करायची आणि कोणत्या बाजूने फिरायचं, हे चित्रीकरणापुरतं तरी आधी ठरवावं लागतं. नाहीतर वर्तुळाच्या बाहेरून दोन-तीन कॅमेरामन रचना पाठ करून वादकाबरोबर फिरायला तयार हवेत. दुसरा मार्ग खर्चाचा, पण रचनेशी इमान राखणारा तोच.

आवाजाच्या बाबतीत सगळ्यात जास्त नुकसान करणारी वस्तू फारच छोटी असते: कॅमेऱ्यातली ‘ऑटो लेव्हल’ची खूण. आवाज हळू झाला की यंत्र आपण होऊन तो वर ओढतं आणि मोठा झाला की खाली दाबतं. लग्नाच्या व्हिडिओत ती सोय आहे. रचनाकार मॉर्टन फेल्डमन यांच्या ‘ट्रायाडिक मेमरीज’सारख्या पियानो-रचनेत, जिथे जवळजवळ दीड तास सगळं अतिशय हलक्या आवाजात चालतं, तिथे यंत्राचीच सूंऽऽ वर येते आणि सुराला खाऊन टाकते. ती खूण बंद करावी, रेकॉर्डिंग वेगळ्या यंत्रावर ४८ किलोहर्ट्झला करावं, आणि सुरुवातीची टाळी, जी नंतर चित्र आणि आवाज जुळवायला लागते, ती वादकाने श्वास घेण्याच्या बऱ्याच आधी वाजवावी. खोलीतले एसी, फ्रिज, ट्यूबलाइटचे चोक बंद करावेत. आपल्याकडे विजेचा ठेका ५० हर्ट्झचा, म्हणून शटर एकपन्नासांशावर ठेवला नाही तर काही दिवे पडद्यावर लुकलुकतात. ही यादी कंटाळवाणी आहे, कबूल. पण वाया गेलेली बरीच चित्रीकरणं असल्याच क्षुल्लक गोष्टींनी वाया गेलेली असतात.

केज यांच्या ‘४ मिनिटे ३३ सेकंद’मध्ये तर यंत्राची ही आगाऊ मदत रचनेचाच जीव घेते. २९ ऑगस्ट १९५२ ला वुडस्टॉकजवळच्या मॅव्हरिक सभागृहात पियानोवादक डेव्हिड ट्यूडर वाद्यापाशी बसले, तीन भागांसाठी झाकण मिटत-उघडत राहिले आणि एकही सूर न वाजवता उठले. ऐकायचं ते त्या वेळात आपोआप होणारे आवाज. हल्लीचे फोन आणि व्हिडिओ-कॉलची सॉफ्टवेअर नेमके हेच आवाज ‘गोंगाट’ म्हणून पुसून टाकतात. २००४ साली बीबीसीच्या सिंफनी ऑर्केस्ट्राने ही रचना लंडनमध्ये सादर केली, तेव्हा रेडिओ ३ च्या तंत्रज्ञांना आणीबाणीची यंत्रणा आधी बंद करावी लागली होती. प्रक्षेपणात शांतता पसरली की काहीतरी बिघडलं असं समजून ती आपोआप दुसरं संगीत सुरू करते! या रचनेचं छायाचित्रण सगळ्यात खुबीने केलं ते कोरियन कलावंत नाम जून पैक यांनी, १९७३ च्या आपल्या व्हिडिओत. त्यांनी केजना हॉलमध्ये नेलं नाही. हार्वर्ड स्क्वेअरच्या भर रहदारीत पियानोपाशी बसवलं.

आता सलग टेक की तुकडे जोडून? हा वाद जुना आहे. कॅनडाचे पियानोवादक ग्लेन गूल्ड यांनी एप्रिल १९६४ नंतर जाहीर मैफिली कायमच्या सोडल्या आणि स्टुडिओत टेप कापून जोडणं हा वादकाच्या सर्जनाचाच भाग आहे, अशी बाजू हिरिरीने मांडली. विसाव्या शतकातल्या संगीतावर कॅनडाच्या टीव्हीसाठी त्यांनी अख्खी मालिका केली. त्यांचं म्हणणं ध्वनिमुद्रणापुरतं कोणीही मान्य करील. पण ‘वॉटर वॉक’मध्ये जोड घातला, तर घड्याळाशी लागलेली शर्यतच खोटी ठरते. वादकाची दमछाक, चुकता चुकता सावरणं, टबाकडे एक पाऊल उशिरा पोचणं हे रचनेच्या पोटातलंच आहे. जिथे कृती हेच संगीत, तिथे कापाकापी टाळावी, असा ढोबळ नियम धरायला हरकत नाही.

सलग टेकची परमावधी पाहायची तर पियानोवादक इगोर लेव्हित यांच्याकडे जावं लागतं. ३० मे २०२० ला, करोनाने सगळी सभागृहं बंद पाडली असताना, बर्लिनच्या एका स्टुडिओतून त्यांनी फ्रेंच रचनाकार एरिक साती यांची ‘व्हेक्साशियाँ’ थेट प्रक्षेपणात एकट्याने वाजवली. अर्ध्या-पाऊण पानाचा एक विचित्र तुकडा, आणि रचनाकाराची टीप ८४० वेळा वाजवण्याबद्दलची. पंधरा तासांहून अधिक वेळ ते वाजवत राहिले. प्रत्येक आवर्तनाला एक छापील पान, वाजवून झालं की जमिनीवर. ती पानं पुढे विकून काम गमावलेल्या कलावंतांना मदत करण्यात आली. १८९३ च्या सुमाराची ही रचना. तिला रंगमंचावर पहिल्यांदा पूर्ण रूपात आणलं होतं पुन्हा केज यांनीच, सप्टेंबर १९६३ मध्ये न्यूयॉर्कला, आळीपाळीने बसणाऱ्या पियानोवादकांच्या फौजेकडून, अठरा तासांहून अधिक वेळात. तिकीट पाच डॉलर, आणि जितका वेळ बसाल त्याच्या हिशेबाने पैसे परत. त्या वादकांपैकी जॉन केल आणि शेवटपर्यंत बसून राहिलेला एकमेव श्रोता काही दिवसांनी पाहुणे म्हणून कुठे गेले असतील? ‘आय हॅव गॉट अ सीक्रेट’मध्येच.

लांब रचना टिपताना एक विनोदी अडचण बरीच वर्षं सगळ्यांनी सोसली. अनेक डिजिटल कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपोआप बंद पडायचे. यंत्रात दोष नव्हता. तीस मिनिटं सलग चित्रण करणारं यंत्र युरोपच्या जकात खात्यात ‘व्हिडिओ कॅमेरा’ म्हणून गणलं जाई आणि त्यावर जादा कर बसे, म्हणून कंपन्यांनीच ही मर्यादा घातलेली. फेल्डमनच्या रचनेतल्या शांततेला ब्रसेल्सच्या करपत्रकाची कात्री!

परवानगीचा भाग लोक शेवटावर ढकलतात, तो आधी उरकावा. भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं त्याच्या कृतीवर हक्क राहतात. केज ऑगस्ट १९९२ मध्ये गेले, म्हणजे २०५२ संपेपर्यंत त्यांची रचना चित्रफितीत वापरायला प्रकाशकाची परवानगी हवी. सभागृहात वाजवण्याची परवानगी वेगळी आणि चित्राला जोडण्याची वेगळी.

केज यांनी शेवटच्या वर्षात कॅमेऱ्यासाठीच एक रचना केली. ‘वन’ या मालिकेतली ती अकरावी. मालिकेच्या नावाचा अर्थ, एकाच वादकासाठी. हेनिंग लोनर यांच्यासह केलेला हा नव्वद मिनिटांचा कृष्णधवल चित्रपट. त्यात माणूस नाही, वस्तू नाही, गोष्ट नाही. रिकाम्या स्टुडिओत दिवे हलतात, आणि ते कसे हलायचे, कॅमेरा कुठे वळायचा, हे योगायोगाच्या पद्धतीने संगणकाकडून ठरवून घेतलेलं. यातला एकल वादक म्हणजे कॅमेरामन व्हॅन कार्लसन. नव्वद मिनिटं पाहायला धीर लागतो, आणि अर्ध्यावर उठून जाणाऱ्याला दोष देता येत नाही. पण कॅमेरामनला साक्षीदाराच्या जागेवरून उचलून वादकाच्या जागी बसवण्याचा हा प्रयोग इतका निर्भेळपणे दुसऱ्या कोणी क्वचितच केला असेल.

या संगीताचा आणि आपला संबंध काय, असं कोणी विचारील. केज यांनी १९४६ मध्ये अहमदाबादच्या गीता साराभाईंकडून न्यूयॉर्कमध्ये भारतीय संगीताचे पाठ घेतले होते आणि तारांमध्ये स्क्रू, रबर अडकवलेल्या पियानोसाठी लिहिलेल्या ‘सोनाटाज अँड इंटरल्यूड्स’च्या मुळाशी आपली रसांची कल्पना होती. १९६४ मध्ये कनिंगहॅम यांच्या मंडळीबरोबर केज आणि ट्यूडर मुंबईलाही येऊन गेले.

त्याहून जवळचं नाव वनराज भाटिया यांचं. मराठी प्रेक्षकाला ते ‘अंकुर’मुळे आणि हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’वरून निघालेल्या ‘भूमिका’मुळे ठाऊक आहेत. पण हा मुंबईकर लंडनच्या रॉयल अकॅडमीत आणि पॅरिसला नादिया बुलांजे यांच्याकडे शिकून आलेला, पाश्चात्त्य पद्धतीच्या रचना करणारा रचनाकार होता. जाहिराती आणि चित्रपटांच्या रगाड्यातूनही पियानोसाठी, वाद्यमेळासाठी लिहीत राहिलेला. गिरीश कर्नाडांच्या नाटकावर ‘अग्निवर्षा’ हा ऑपेरा रचणारा. २०२१ च्या मे महिन्यात ते गेले. त्यांचं चित्रपट-संगीत कुठेही सापडतं. मैफिलीसाठी लिहिलेलं त्यांचं संगीत त्या मानाने फारच थोड्यांनी ऐकलं आहे, पाहिलं तर त्याहून कमी.

मुंबई-पुण्यात पियानो शिकणारी मुलं आज कमी नाहीत आणि बरा कॅमेरा तर खिशातच असतो. त्यांच्यापैकी कोणी भाटियांची एखादी एकल रचना निवडावी, हक्कधारकांकडे रीतसर परवानगी मागावी, नोटेशन समोर ठेवून कॅमेऱ्याच्या जागा ठरवाव्यात आणि ऑटो लेव्हल बंद करून ती एका टेकमध्ये टिपावी. पहिला प्रेक्षक म्हणून हा अंक वाचणारे काही जण नक्की मिळतील.